दाजींचं मीटर ठरेना

आमचे सुदामदाजी कुणाच्याही घरी गेले की चहापाण्याच्या आधी त्या घरचा चालू फ्रिज बंद करतात. विचारत नाहीत, सांगत नाहीत. सरळ आत जायचं, बटण खाली करायचं आणि फ्रिजला पाठ लावून उभं राहायचं. घरातली बाई घाबरून बघत राहते, पाहुण्याला दूध नासवायचंय की काय! दाजी एक बोट वर करतात. "थांबा. त्याला जरा दम खाऊ द्या." मग थोड्या वेळानं बटण वर. फ्रिज घर्र करतो, दिवा किंचित मंदावतो, आणि दाजी पोटभर जेवल्यासारखे समाधानानं बाहेर येऊन बसतात.

"चालताना कुणीबी गरीबच असतंय," ते म्हणतात. "उठताना किती घेतंय ते बघा!"

दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. विजेशी त्यांचा धंद्यानं काही संबंध नाही. माजलगावला मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजारापाशी, त्यांचं साड्यांचं दुकान आहे. मी बीडला कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. म्हणजे विजेशी माझाच संबंध जास्त, निदान बिल तरी माझंच मोठं. तरी तेलगावला, आमच्या सासुरवाडीत, साधा बल्ब उडाला तरी फोन जातो माजलगावला!

हे माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू? चांगलं मुरडा मारल्यासारखं दुखतं. आमचे सासरे, म्हणजे मामा, दाजींना 'मोठे पावने' म्हणतात आणि म्हणताना सावरून बसतात. मला 'धाकले पावने' म्हणतात आणि म्हणता म्हणता तंबाखू मळतात. मामी माझ्या ताटात चमच्यानं तूप वाढतात, दाजींच्या ताटात वाटी उपडी करतात. बायकोला म्हटलं तर ती म्हणते, "अहो, तुम्हालाच तर डॉक्टरनं तूप कमी सांगितलंय." सांगितलं असेल. मामींना कुणी सांगितलं?

त्यातून माणसाचं नशीब बघा. मुलगा पुण्यात नोकरीला. नातू झाला म्हणून अक्का, त्यांची बायको, दिवाळीपासून तिकडंच. माजलगावच्या एवढ्या मोठ्या घरात दाजी एकटे राजे. कधी या, कधी जा, टोकायला कुणी नाही. इथं मी दुकानातून यायला जरा उशीर झाला की दारातच उलटतपासणी होते. मला तर त्यांचा तो निवांतपणा आठवला की जेवण जात नसे.

आणि बोलणं तर असं की चारचौघांत माणसाचं पाणी उतरवावं. सकाळी दोन कप चहा पोटात गेल्याशिवाय मला बोलायला होत नाही. एकदा तेलगावच्या अंगणात सगळे बसले असताना दाजी म्हणाले, "आमच्या साडूभाऊंचा स्टार्टिंग करंट लई हाय. दोन कप ओढल्याशिवाय उठत न्हाईत." मामा खोकला येईपर्यंत हसले. माझी बायकोही हसली, तोंडाला पदर लावून. तो पदर मी अजून विसरलो नाही.

तर या माणसाला क्लॅम्प मीटर घ्यायचं होतं. वायरमनकडं असतं बघा, खेकड्याच्या नांगीसारखं तोंड असलेलं. ती नांगी तारेला नुसती अडकवायची, की तारेतून किती करंट जातोय ते आकड्यात दिसतं. कारणही सासुरवाडीचंच होतं. मामांना विहिरीवरच्या मोटरीसाठी जनरेटर घ्यायचा होता. मोटर चालताना खाते आठ अँपिअर, पण सुरू होताना पहिल्या झटक्याला किती ओढते? ते कळल्याशिवाय जनरेटर घेतला आणि त्याला मोटर उचललीच नाही, तर तो शेतात शोभेला उभा राहील. दाजींनी मामांना सांगून ठेवलं होतं, "आधी मीटर घेतो, मग मोजतो, मगच जनरेटर." आणि मामा थांबले होते. मी सांगितलं असतं तर थांबले असते का? सांगा!

पण दाजींचं मीटर काही ठरेना. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उसाचा हंगाम आटपला. रोज संध्याकाळी ऐन जेवणाच्या वेळेला मला फोन.

"साडूभाऊ, आज एक बघितलं. स्वस्त हाय, पण त्याला निस्तं मॅक्सचं, मोठ्यात मोठा आकडा धरायचं, बटण हाय."

"मग घ्या की!"

"कावून घ्यावं? मॅक्स म्हंजे पावना येऊन गेल्यावर खिडकीत पळणं. झटका यायच्या आधीच दारात उभं ऱ्हायला पायजे. त्याचं बटण येगळं असतंय. आधी दाबून ठिवायचं, मग मोटर चालू करायची."

"ते बटण असलेलं घ्या मग."

"ते लई महाग पडतंय वो. एक हाय मधलं, बटण हाय अन् परवडतंय बी, पण त्याचं तोंड बारीक हाय. जाड तार बसंल का न्हाई?"

मी सांगतो, मला काही कळत नव्हतं. माझी भाकरी गार होत होती. वरून फोनमधून त्यांच्या जेवणाचे आवाज. मचमच, भुरका, आणि मधेच बुक्कीनं कांदा फोडल्याचा धाडकन आवाज. काय ही रीत! दुसऱ्याला जेवणावरून उठवायचं आणि आपण खुशाल चापायचं. मी बायकोकडं बघून कपाळावर हात मारायचो. ती म्हणायची, "ऐकून घ्या की जरा. दाजींना तुमच्याशी बोलायला आवडतं."

मग आला धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलवायचं, पाय धुवायचे, कपडे करायचे, हे तीन वर्षांतून एकदाच. दोघा जावयांना एकाच दिवशी तेलगावचं आवतण आलं. मी मनात म्हटलं, आत्ता नाही तर पुन्हा तीन वर्षं तूप चमच्यानंच. गुपचूप मोबाइलवर त्यातल्या त्यात स्वस्त क्लॅम्प मीटर मागवलं. बायकोलाही सांगितलं नाही. पिशवीत साडीखाली लपवून नेलं.

जेवणाआधी सगळे विहिरीवर जमले तेव्हा मी ते बाहेर काढलं. काय सांगू तुम्हाला, मामांनी हातातली तंबाखू टाकून दिली! दाजी नुसते बघत राहिले. मी ऐटीत पुढं झालो, मोटरीच्या केबलला नांगी लावली आणि मामांना म्हणालो, "करा चालू."

मोटर धडधडली. पाइपातून पाणी आलं. मीटरवर शून्य.

"ह्ये काय?" मामा म्हणाले. "मोटर काहीच खायना?"

माझ्या कानातून वाफा निघायला लागल्या. तेवढ्यात दाजी जवळ आले, माझ्या पाठीशी उभे राहिले, आणि कुणाला दिसू न देता माझ्या हातातली नांगी काढून स्टार्टरपाशी सुट्या असलेल्या एकाच तारेला लावली. मोठ्यानं म्हणाले, "तोंड नीट मिटलं नव्हतं त्याचं. नवीन हाय ना. आता दावतंय बघा." आकडा आला, आठ.

"बंद करून पुन्हा करा," मी म्हणालो. पुन्हा केली. आकडे जरा फडफडले आणि पुन्हा आठ. दाजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं.

"आठ!" मामा ओरडले. "म्हंजे ल्हानसा जनरेटर बी भागतोय. मोठे पावने सा म्हैने निस्तं इचार करायलेत, धाकल्या पावन्यानं आणून दावलं!"

त्या दिवशी मामींनी माझ्या धोंड्यावर वाटी उपडी केली. तूप ताटभर पसरलं. पण खरी चव तुपाची नव्हती, समोरच्या पाटावरची होती. दाजी एका धोंड्यावरच थांबले होते. मला म्हणाले, "घेतलं ते बरं केलं, साडूभाऊ. मिटलं मंग." चेहरा एवढासा झालेला. मला उकळ्या फुटल्या. जळले, दाजी जळले! एवढी वर्षं मी जळलो, आता घ्या तुम्ही.

घरी आल्यावर संध्याकाळचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी गरम भाकरी खाल्ली आणि बायकोला म्हणालो, "बघ, किती शांतता आहे."

"हो ना," ती म्हणाली, आणि फोनकडं बघत बसली.

आठवडाभरानं जेवण झाल्यावर काही सुचेना म्हणून मीटरच्या डब्यातला कागद वाचायला घेतला. पहिल्याच पानावर चित्र होतं. सगळ्या तारा एकत्र धरल्या की शून्य दिसणार, एकच तार धरायची. म्हणजे दाजींना तिथंच कळलं होतं! आणि पुढं शोध शोध शोधलं, पहिला झटका पकडायचं बटण माझ्या मीटरला नव्हतंच. तो आठचा आकडा नुसता चालतानाचा होता. तेही दाजींना दिसलं असणार. इतका राग आला मला त्या माणसाचा! चारचौघांत माझं हसू करायची आयती संधी, आणि यांनी माझी अब्रू झाकली. आता याच्यावर जळायचं तरी कसं?

त्याच आठवड्यात दुकानाच्या कागदाचे गठ्ठे आणायला माजलगावला गेलो होतो. बायकोनं लोणच्याची बरणी दिली होती, म्हणून परतताना दाजींकडं वळलो. दिवेलागण झाली होती. दार नुसतं लोटलेलं. आत दाजी जेवायला बसले होते. पुढ्यात ताट, ताटात खिचडी, बाजूला तांब्या, आणि तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल, तोंड त्यांच्याकडं. बंद. कांदा तसाच, न फोडलेला.

"या या, साडूभाऊ!" ते गडबडीनं उठले.

"कुणाचा फोन यायचाय का?" मी विचारलं.

"न्हाई वो. तिथं ठिवायची सवय लागलीय." मग जरा हसले. "मीटर बरं चाललंय ना? तुमी घेतलं तवापासून काय इचारावं तेच सुचंना. तुमच्या अक्काला फोन लावावा तर ती पोराला झोपवीत असतीय."

मी बरणी ठेवली आणि तसाच निघालो. चहाही घेतला नाही. गाडीत बसलो आणि मागं वळून बघितलं. या घराचा मला हेवा वाटत होता!

दुसऱ्या दिवशी आधी मामांना फोन केला. जनरेटर घेऊ नका, माझ्या मीटरला सुरुवातीचं कळतच नाही, म्हटलं. मामा म्हणाले, "वाटलंच मला. मोठ्या पावन्याला इचारायचं व्हतं आधी." झालं! चांगलं मिळवलेलं तूप एका दमात गेलं. पोटात दुखलं, मी नाही म्हणत नाही.

संध्याकाळी ताटावर बसलो, फोन तांब्याला टेकवला आणि माजलगावला लावला.

"दाजी, मीटर चुकलं माझं. त्याला ते बटणच नाही."



"मला दिसलं व्हतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"धोंड्याचं जेवन व्हतं. तुमचा मान व्हता."

मी घास गिळला. "आता दुसरं घ्यावं लागेल. आणि मला त्यातलं काही कळत नाही. पहिल्यापासून सांगा."

"पैल्यापासून?" दाजींचा आवाज एकदम उठला, मोटरीच्या पहिल्या झटक्यासारखा, पाच-सहापट. "बघा, त्यात तीन परकार येतेत. निवांत ठरवावं लागंल, घाई करून उपेग न्हाई. थांबा, फोन ठिवू नका! ताट वाढून घेतो."

मी थांबलो. भांड्याचा आवाज आला, पाट सरकवल्याचा आला. मग धाडकन कांदा फुटला.