दिगूमिस्त्रीची तार

येरमाळ्यात दिगूमिस्त्रीकडं गाडी नेली की गाडीआधी माणूस तपासला जातो. "या गुरुजी. फुंका." नळीत फुंकर मारल्याशिवाय बॉनेटला हात लागत नाही. नळी म्हणजे भंगारातल्या मोटारीचा हवा मोजणारा सेन्सर. एका अंगाला बॅटरी, दुसऱ्या अंगाला मीटर. फौजदार असो की येडाईच्या दर्शनाला आलेला पाहुणा, सगळे गाल फुगवून फुंकतात.

मी पडलो मास्तर. दुसऱ्यानं शिकवलेलं मला सोसत नाही. पण घाटात गाडीनं मान टाकली होती, गरज माझी होती.

"ह्यात तार हाय. करंट तिला तापिवतो. वारं लागलं की ती निवती. मग तेवढीच गरम ठिवाया करंट जास्त लागतो. किती लागला, त्यो निरोप व्होल्टात जातो गाडीच्या कम्प्यूटरला. त्येवरनं त्यो पेट्रोल सोडतो. कळलं?"

"कळलं."

"न्हाय कळलं. फुंका."

फुंकलं. मीटर एकावरून अडीचवर गेलं. मग त्यानं स्वतः फुंकलं, तर सव्वातीन! साठीचा गडी, छाती लोहाराच्या भात्यासारखी. "तार खोटं बोलत न्हाय," तो मिशीत हसला. हे वाक्य तो दिवसातून वीसदा तरी म्हणतो.

मग बॉनेट उघडलं आणि माझी अब्रू गेली. सोयाबीनच्या राशींची धूळ आत जाऊ नये म्हणून मी एअर फिल्टरला बायकोच्या जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला होता.

"सेन्सर बिचारा खरं सांगतोय, वारं कमी येतंय. म्हणून पेट्रोल बी कमी. गाडीचं नाक तुमीच बांधलंय की गुरुजी! शाळंत हेच शिकवता व्हय?" चहावाल्यासकट सगळे हसले. मीही हसलो, काय करता!

त्या गडबडीत माझा चष्मा तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर गॅरेज बंद, म्हणून मागं त्याच्या घराकडं वळलो. ओट्यावर त्याची बायको, चंद्रकलावहिनी. मागच्या साली न्यूमोनियानं त्यांची छाती धरली, तेव्हापासून चार पावलांत धाप लागते. डॉक्टरांनी रोज फुंकर मारायला सांगितलंय. हातात तीच नळी होती. त्यांनी फुंकलं.

"पावणेदोन! काल दीडच हुतं!" शेजारी मीटर धरून बसलेला मिस्त्री ओरडला.

"पुरं आता. लोकांचं अडीच भरतंय, तुमीच सांगता. माझी छाती संपली, म्या न्हाय फुंकत." त्यांनी नळी त्याच्यापुढं सरकवली. "तुमचं किती भरतंय, दावा बरं."

मिस्त्रीनं गाल टम्म फुगवले, डोळे वटारले, मानेच्या शिरा ताणल्या आणि फुंकलं. सव्वा.

मी दारातच थांबलो. काल सव्वातीन फुंकणारा हाच माणूस!

वहिनींनी मीटर डोळ्यांजवळ नेलं. "अगं बया! माझ्यापरीस कमी?"

"तार खोटं बोलत न्हाय," मिस्त्री म्हणाला. माझ्याकडं बघायचं मात्र त्यानं टाळलं.

"आणा हिकडं," म्हणत वहिनींनी नळी पुन्हा तोंडाला लावली.