हरकत कोण घेणार?

कोणत्याही सुव्यवस्थित संस्थेत एखादा माणूस आहे हे कळतं, ते त्याने जाण्यासाठी अर्ज केल्यावर. तोपर्यंत तो फक्त हजेरीपटावर असतो.

चिमणी तिथेही फारशी नव्हती. (चिमणी हे घरचं नाव. कॉलेजात तिला हाक मारायची वेळ कोणावर आली नव्हती.) पहिल्याच वर्षी तिची आई आजारी पडली आणि परीक्षेच्या तोंडावर गेली. चिमणी चार विषयांत काठावर राहिली, दोनांत काठाच्या खाली गेली. निकालपत्रावर शेरा होता, ‘विद्यार्थिनीने अभ्यासात अधिक लक्ष घालावे.’ सूचना योग्यच होती.

आता घरी वडील एकटे होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. अख्ख्या पेठेची नजर ते सुधारत, पण शेगडीवरचं दूध उतू जाताना त्यांना दिसत नसे. म्हणून चिमणीने घराजवळच्या कॉलेजात बदली मागितली. त्या कॉलेजाने गुणांकडे उदार मनाने पाहिलं आणि एवढंच सांगितलं की, शुक्रवारपर्यंत जुन्या कॉलेजाचं ‘ना हरकत’ प्रमाणपत्र आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

जुन्या कॉलेजातले बदली विभागाचे कारकून अतिशय सज्जन होते. खिडकीच्या भोकातून बोलता यावं म्हणून ते मान वाकडी करत, आणि समोरच्यालाही करायला लावत.

“हरकत नाही असं लिहून द्यायचं, तर आधी ती असायला हवी ना, ताई? नसलेली हरकत मागे कशी घेणार?”

“म्हणजे?”

“हुशार मुलं जायला निघाली की विभागप्रमुख स्वतः धावत येऊन हरकत घेतात. मग प्राचार्य त्यांची समजूत काढतात, हरकत मागे घेतली जाते, आम्ही प्रमाणपत्र देतो. तुमच्या बाबतीत…” ते खोकले. “तुमच्या बाबतीत सगळेच राजी आहेत. घोडं तिथेच पेंड खातंय.”

नियमात तर्कदृष्ट्या काहीच खोट नव्हती. गेल्या दहा वर्षांत उत्तम गुणांचे नव्वद टक्के अर्जदार आठवड्याच्या आत बाहेर पडले होते. कमी गुणांचे शंभर टक्के अजून आतच होते. (यावरून संस्थेत हुशार मुलं टिकत नाहीत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो काढण्यासाठी समिती आहे.)

तेव्हा चिमणी हरकतीच्या शोधात निघाली.

भौतिकशास्त्राच्या सरांनी तिला नीट न्याहाळलं. “तू माझ्या वर्गात होतीस?”

“हो सर. खिडकीकडचा तिसरा बाक.”

“तिथे एक छत्री असायची.”

“माझीच.”

“असं होय. मग माझी काही हरकत नाही.”

“सर, तीच तर हवी आहे. एक दिवसापुरती घ्या ना.”

“छे छे! कोणाच्या वाटेत आडवं येणं माझ्या स्वभावात नाही.”

गणिताच्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि “खुशाल जा हो, बाळ,” म्हणाल्या. वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, “गादी कधी रिकामी करतेस?” तीन मजले, सहा विभाग, एक ग्रंथालय. सगळीकडे तिला आशीर्वाद मिळाले. हरकत घेण्याइतकं वाईट तिच्याशी कोणीच वागलं नाही.

दमून ती जिन्यात बसली. हरकत या विषयात तिच्या आईचा हात धरणारं कोणी नव्हतं. ओल्या केसांनी बाहेर पडायला तिची हरकत, उभ्याने पाणी प्यायला हरकत, पडून वाचायला हरकत. या कॉलेजाला तर होतीच. “एवढ्या लांब कशाला मरायला जातेस?” असं निघायच्या दिवशी दिवसभर चालू होतं. तोंडाने हरकत आणि हाताने बॅग भरणं, दोन्ही एकाच वेळी. संध्याकाळपर्यंत हरकत मागे घेतलेली असे, त्याला कोणी प्रमाणपत्र मागितलं नव्हतं.

गुरुवारी वडील आले. इस्त्रीचा शर्ट, बटणं एक घर सोडून लावलेली.

कारकुनांना नियमाखाली एक तळटीप सापडली होती, म्हणून त्यांना बोलावलं होतं. पालकाची हरकतही चालत होती. त्यांनी मान वाकडी करून आशेने विचारलं, “आपली काही हरकत?”

“आहे,” वडील म्हणाले.

कारकून खुर्चीवरून उठून उभे राहिले. “लेखी द्या, लेखी द्या!”

वडिलांनी खिडकीच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं, ‘माझ्याकरता मुलीने कॉलेज सोडू नये. माझं व्यवस्थित चाललं आहे.’

“वा! झकास हरकत आहे. आता मागे घ्या.”

“ते जमायचं नाही.”

उभ्या संसारात त्यांनी घेतलेली ही पहिलीच हरकत होती. ते खातं बायकोकडे होतं. संध्याकाळपर्यंत ती मागे घ्यायची असते, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

“अहो, पण खिडकी पाचला बंद होते,” कारकून म्हणाले.

“होऊ दे.”

चिमणीने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण काढून योग्य घरात घातलं. मग त्याच्या खालचं.

“बाबा, आज दूध उतू गेलं?”

“नाही.”

“बाबा.”

“आज आणलंच नाही गं, चिमणे.”

कारकून शिक्का शोधायला वळले. (शिक्का त्यांच्या हातातच होता.) वडिलांनी चष्मा पुसला, पेन उचललं आणि हरकत मागे घेतल्याची सही केली.

पाचाच्या आत प्रमाणपत्र मिळालं. ‘सदर विद्यार्थिनी गेल्यास संस्थेची काही हरकत नाही.’ एवढ्या निर्मळ सत्यावर संस्थेने शिक्का मारल्याचं दुसरं उदाहरण नाही.

पुढे संस्थेने या प्रकरणातून बोध घेऊन एक हरकत अधिकारी नेमला. ज्यांना जाऊ नकोस म्हणणारं कोणी नाही, त्यांना तो सकाळी अकरा ते एक या वेळेत, जेवणाची सुट्टी सोडून, तसं म्हणतो. बाहेरच्यांनाही ही सोय खुली आहे आणि गर्दी बरीच असते.

वाचकांनी तिथे जाण्याआधी घरी एकदा खात्री करून घ्यावी. आपण निघालो तर कोण आडवं येईल, याचा विचार करावा. कोणी आठवत असेल तर आजच फोन करावा. नसेल आठवत, तर काही हरकत नाही.