चालवता न येणारे गाडीमालक

तात्यांना दुचाकी चालवता येत नाही, आणि आमच्या चिखलीच्या गल्लीत सगळ्यात जास्त पळालेली दुचाकी तात्यांचीच आहे. चावी दाराबाहेर खिळ्याला. ज्याला हवी त्याने काढावी, काम झालं की परत अडकवावी. "उभी गाडी गंजती," एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगा मोशीच्या फ्लॅटवर राहायला गेला तेव्हा त्याने ही गाडी तात्यांच्या नावावर घेऊन दिली. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक. तात्या ती रोज सकाळी पुसतात आणि दसऱ्याला हार घालून गल्लीभर पेढे वाटतात.

मी रस्ता सुरक्षेचं काम करते. आमच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलंय, गाडी उसनी देऊ नका, मालक अडकतो. ते पत्रक तात्यांना मी कितीदा तरी दिलं. त्या कागदाने गाडीचे आरसे छान पुसून निघतात, असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं.

मग व्हायचं तेच झालं. तात्यांच्या मागच्या खोलीत लातूरकडचा दत्ता भाड्याने राहतो, चाकणला कंपनीत आहे. कंपनीची बस चुकली म्हणून त्याने चावी काढली, आणि चाकणजवळ रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडक दिली. बाईंचा पाय मोडला. दत्ताकडे लायसन नाही. पोलिसांचं बोलावणं त्याच्याबरोबर तात्यांनाही आलं.

"मी घरी भाकरी खात हुतो," तात्या म्हणाले, "आन मला चालवता बी येत न्हाई. मग माझा गुन्हा कसा?"

मी समजावलं. गाडी तुमच्या नावावर, म्हणून भरपाईचा दावा तुमच्यावरही येणार. विमा हाय की, म्हणाले. आहे, पण बिनलायसनवाल्याला गाडी दिलीत म्हणून विमावाले ते पैसे तुमच्याकडूनच वसूल करू शकतात, आणि तसं देणं हा वेगळा गुन्हा. पण म्या दिली कुठं, त्यानं नेली. मग ती चोरी. यावर तात्या भडकले, भाडेकरू चोर कसा? मग तुम्ही दिलीत? न्हाई. त्याने नेली? व्हय. न विचारता? व्हय. म्हणजे चोरी? न्हाई. असं फिरून फिरून शेवटी माझंच डोकं गरगरायला लागलं. चिडून मी त्या बाईंचा विषय काढला, कामावर जाणारी बाई आज खाटेवर पडलीय, तिचं काय? तर तात्या तिला डबा देऊनही आले होते. "तिचं मी बघनार हाय. ते नगं शिकवू, पोरी."

पोलीस ठाण्याच्या पायरीवर मी बजावलं, न विचारता नेली एवढंच बोला, खरंच आहे ते. तेवढ्याने निदान तुमच्यावरचा गुन्हा टळेल. दत्ता शेजारीच उभा होता, मान खाली घालून.

आत साहेबांनी सरळ विचारलं, गाडी तुम्ही दिलीत की त्याने परस्पर नेली?

तात्या दत्ताकडे बघत राहिले. मी खोकले. त्यांनी लक्ष दिलं नाही.

"साहेब, ह्यो रोज कामावरून आला का आधी माझ्या दारात थांबतो. तात्या, जेवला का, म्हनतो. घरात मी एकलाच. दुसरं कोन इचारतंय?" मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लिवा, म्याच दिली."