रामटेके सरांनी घेतलेली खोली

रामटेके सर भाड्याची जागा पाहायला गेले की आधी मालकाला बाहेर काढतात. मग आत जाऊन शटर खाली ओढून घेतात आणि पंधरा मिनिटं अंधारात बसतात. मालक बाहेर उभा राहून माझ्याकडे बघतो. मी रस्त्याकडे बघतो. करण्यासारखं दुसरं काही नसतं.

"उघडी जागा कोणतीबी चांगलीच वाटते," असं सरांचं म्हणणं. "बंद करून पाहू."

हे 'बंद करून पाहू' त्यांनी फ्रीजलासुद्धा लावलं होतं. दार बंद केल्यावर आतला दिवा विझतो की नाही, याची त्यांना खात्री हवी होती. दुकानदाराला ती देता आली नाही, म्हणून सरांच्या खोलीत आजही माठच आहे.

सर चंद्रपूरला आमच्या कॉलनीत, माझ्या शेजारच्या खोलीत चार वर्षांपासून राहतात. आयुष्यभर भूगोल शिकवला, लग्न केलं नाही. डावं-उजवं हे शब्द त्यांना मान्य नाहीत. जेवायला बसले की "मीठ जरा ईशान्येले सरकवा" म्हणतात. मीठ नक्की कुठे सरकवायचं हे समजेपर्यंत त्यांचं जेवण संपलेलं असतं. मी पाण्याचे पंप विकतो, त्यामुळे मला ते नावाने हाक मारत नाहीत, 'पंपवाले' म्हणतात.

एका एप्रिलमध्ये ते सकाळीच दारात आले.

"पंपवाले, तुमी तं गावोगाव फिरता. सामान ठेवाले कुठी जागा भाड्यानं भेटन काय? एक पलंग, एक पेटी, एक सायकल."

सरांचं मूळ गाव घुग्घुसकडे. ते कोळशाच्या खाणीत चाललं होतं. बाकीची घरं रिकामी झाली होती, सरांचं तेवढं बंद उभं होतं, आणि तेही पावसाळ्याआधी रिकामं करायचं होतं. सरांच्या खोलीत नकाशे, पृथ्वीचा गोल आणि स्वतः सर एवढं मावल्यावर मांजरालासुद्धा जागा उरत नव्हती.

"सामान कोणाचं आहे?" मी विचारलं.

"आहे एकाचं," सर म्हणाले, आणि चप्पल घालून तयारच उभे राहिले.

पहिली जागा चंद्रपूरच्या बायपासवर होती. नवी कोरी. एकसारख्या निळ्या शटरच्या ओळी, प्रत्येक ओळीवर कॅमेरा, कुलूप बोटाच्या ठशावर उघडणारं. दाखवायला आलेला मॅनेजर तरणाबांड, गळ्यात टाय. त्याने सगळं समजावून सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं, "बंद करून पाहू" म्हणाले आणि आत गेले.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग शटरवर आतून तीनदा टकटक झाली. सरांचा आवाज आला, "कोण हाय?" थोडा वेळ गेला. मग दुसरा आवाज आला, जरा घोगरा, जरा तरुण. "मी हावो."

मॅनेजरने टाय सैल केला. "साहेब, आत एकटेच गेले ना ते?"

"एकटेच," मी म्हणालो. पण मीही शटरपासून दोन पावलं मागे सरकलो होतो.

सर बाहेर आले ते घामाने निथळत, पण चेहरा परीक्षकाचा. "बाहेरून हाक मारली तं आतमधी आयकू येईन," म्हणाले. मग मॅनेजरला विचारलं, "एक सांगा. उद्या दुसराच कोणी आला, अन् त्यानं माझं नाव सांगतलं, तं उघडून द्याल काय?"

मॅनेजरच्या जिवात जीव आला. या प्रश्नाचं उत्तर त्याला पाठ होतं. "अजिबात नाही सर. तुमच्या बोटाशिवाय मुंगी आत जाणार नाही."

सरांनी मान हलवली. खिशातल्या कागदावर काहीतरी खोडलं. "चला, पंपवाले."

दुसरी जागा घुग्घुसला. ट्रकचे टायर विकणाऱ्या एका माणसाने मागे पत्र्याची गोदामं बांधली होती. कोळशाची धूळ इतकी, की सर आत जाताना त्यांच्या पांढऱ्या पायजम्याचा मला शेवटचा निरोप घ्यावासा वाटला. शटर खाली आलं. या वेळी आतून आवाज नाही, नुसत्या येरझाऱ्या. एकदा चपलांच्या. एकदा बिनचपलांच्या.

शटर वर गेलं तेव्हा मी जमिनीकडे पाहिलं. काळ्या धुळीत चपलांच्या ठशांची एक रांग होती. शेजारून अनवाणी पावलांची दुसरी. दोन माणसं बोलत चालली असावीत तशी, सोबतीने, भिंतीपर्यंत आणि परत.

"सर, हे काय?"

"माणूस अनवाणी आला तं त्याले ही जमीन कशी लागन, ते पाह्यलं," सर म्हणाले. त्यांच्या चपला हातात होत्या. मला हायसं वाटलं. मग वाटलं, हायसं वाटण्यासारखं यात काय आहे?

त्यांनी टायरवाल्यालाही तोच प्रश्न विचारला. दुसरा कोणी आला, माझं नाव सांगितलं, तर?

"पाय तोडून ठेवू त्याचे," टायरवाला प्रेमाने म्हणाला. "बिनघोर राहा तुमी."

परतताना सर माझ्या मोटरसायकलवर मागे बसले होते. पडोली यायच्या बेताला म्हणाले, "पाय तोडून ठेवू म्हणे." चंद्रपूर आल्यावर पुन्हा म्हणाले, "पाय तोडून ठेवू म्हणे," आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

मला काही कळेना. लोक चोर येऊ नये म्हणून जागा पारखतात. हा माणूस कोणी आलं तर त्याला उघडून देणारा मालक शोधत होता.

तिसरी जागा मूल गावची. एक बंद पडलेली राइस मिल, तिच्या पोटात विटांच्या भिंती घालून सहा खोल्या काढलेल्या. शटरं गंजलेली, आत कोंड्याचा जुना वास, वर पत्र्यावर माकडं. मालकीण शेवंताबाई सत्तरीच्या पुढच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कडुनिंबाखाली बाजेवर बसून त्या आमच्या आवाजाकडे बघत होत्या.

"बंद करून पाहू," सर म्हणाले.

"पाहा ना," बाई म्हणाल्या. असं म्हणणारी ती पहिली मालकीण.

पंधरा मिनिटं झाली. पंचवीस झाली. आतून बोलणं ऐकू येत होतं, हळू, थांबून थांबून, दोन माणसं बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर बोलतात तसं. शब्द कळत नव्हते. एकदा कोणीतरी हसलं. सरांना मी चार वर्षांत हसताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते हसणं त्यांचं की नाही, हे मला सांगता येईना. मी शटरकडे निघालो तर बाई म्हणाल्या, "बोलू द्या. आलेल्या माणसाले हटकू नये." कोणत्या आलेल्या माणसाला, हे मी विचारलं नाही.

सर बाहेर आले आणि तो प्रश्न विचारला.

"देईन ना उघडून," शेवंताबाई म्हणाल्या. "दारावर आलेल्या माणसाले उनात उभा ठेवू काय?"

"त्यानं सामान नेलं तं?"

"नेईन तं नेईन. पण चहा पेल्याशिवाय नाई जाऊ देणार मी."

सर मटकन बाजेवर बसले. बाईंनी विचारलं, "येणार कोण हाय, गुरुजी?"

आणि मला चार वर्षांत जे सांगितलं नव्हतं, ते सरांनी त्या बाईला पाच मिनिटांत सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ, दादा. चोविसाव्या वर्षी अहेरीकडे बांबूच्या कामावर मुन्शी म्हणून गेला. पंधरा दिवसांत येतो म्हणाला. सर तेव्हा कॉलेजात होते, त्यांची फी भरायला गेला होता तो. कोणी म्हणालं, नदीत गेला. कोणी म्हणालं, सिरोंच्याच्या पलीकडे तेलुगू मुलखात संसार मांडला. सरांनी तीन उन्हाळे तो भाग पालथा घातला. आई वारली तेव्हा एवढंच म्हणाली, की त्याचं सामान हलवू नको, तो आला तर त्याला त्याचं घर सापडलं पाहिजे.

"अन् आता घरच नाई राहणार," सर म्हणाले. "तो आला तं मी दवाखान्यात असन, बजारात असन, मरून गेलो असन. त्याले कुलूप नाई दिसलं पायजे."

भाड्याचं बोलणं दोन मिनिटांत संपलं.

पुढच्या रविवारी आम्ही छोटा टेम्पो घेऊन गावात गेलो. भर दुपार होती. घरांवरची कौलं लोकांनी काढून नेली होती, दारं-खिडक्याही. नुसत्या भिंती आणि त्यांत दारांच्या आकाराची भोकं. विहाराची जागासुद्धा मोकळी, मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो नव्या वस्तीत नेलेला. लांबून खाणीतल्या डंपरची घरघर येत होती आणि ती थांबली की गाव इतकं गप्प व्हायचं, की आपलेच पाय कोणा दुसऱ्याचे वाटायचे.

सरांच्या घराला तेवढं दार होतं. आत पलंगावर धुतलेली चादर. सायकलच्या दोन्ही चाकांत हवा टणक. पेटीत सहा शर्ट, इस्त्री केलेले, चोवीस वर्षांच्या बारीक पोराच्या मापाचे.

"दरसाल धुतो," सर म्हणाले. "कापड ठेवून ठेवून कुजते."

पलंगाची एक बाजू मी धरली, दुसरी त्यांनी. उचलण्याआधी ते वाकून पलंगाला म्हणाले, "दादा, हलवून राह्यलो, बरं."

तो लोखंडी पलंग टेम्पोपर्यंत नेताना मला दोनदा खाली ठेवावा लागला. रिकामा पलंग एवढा जड असतो, हे मला माहीत नव्हतं.

निघताना सरांनी डांबरी रस्त्यावरच्या बसथांब्यावर रंगाने लिहिलं: 'दादा, सामान मूलले आहे. शेवंताबाईच्या जुन्या मिलमधी. माझं नाव सांग.' दिशेचा बाणही काढला, पूर्वेकडे, अंश लिहून. आता तिथे गाव नाही. बस थांबत नाही. थांबा मात्र उभा आहे, आणि त्यावर कोळशाची धूळ बसली की सर जाऊन अक्षरं पुसून येतात.

दिवाळीनंतर मला मूलला एक पंप बसवायचा होता. धान निघालं होतं, चालू मिलींची धडधड सगळ्या गावात होती. काम आटोपलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. म्हटलं, शेवंताबाईंना भेटून जावं.

"या," त्या बाजेवरून म्हणाल्या. "हळू बोला. मोठे भाऊ झोपले हायत."

"कोण मोठे भाऊ?"

"गुरुजींचे. अहेरीले गेले होते ते."

शटर कमरेइतकं वर होतं. मी वाकलो. आत अंधार, कोंड्याचा वास. पलंगावर एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, पाठीवर ताणून उसवायला आलेला. मला शर्ट ओळखू आला. पेटीतला होता.

मग पेटीवर घडी करून ठेवलेला चष्मा दिसला. एका काडीला दोरा बांधलेला. तो रामटेके सरांचा चष्मा होता.

मी परत बाजेवर येऊन बसलो. बाई हळूच बोलत होत्या.

"दर बुधवारी येते. धाकट्याचं नाव सांगते, मी उघडून देतो. पयल्या दिवशी मी म्हटलं, बाप्पा, इतके वरीस कुठी होते? धाकट्याच्या जिवाले घोर तुमचा. तं लय येळ रडला. मंग म्हणे, आई रागावली होती काय मह्यावर? मी म्हटलं, आई कायले रागावन?"

"अन् मग?"

"मंग झोपला. तो गेल्यावर धाकट्याले फोन करून सांगतलं मी, तुहा भाऊ आला होता म्हणून. तो म्हणे, हाव बाई, समजलं मले." बाईंनी पांढुरके डोळे माझ्याकडे वळवले. "दोघं सोबत नाई येत पण. एकदा आले तं मी भात टाकतो."

त्यांना खरंच दिसत नव्हतं की काय, ते मला त्या डोळ्यांत शोधता आलं नाही.

आत पलंग करकरला. "उठले काय, भाऊ?" बाईंनी हाक मारली. "हाव," आतून उत्तर आलं. बायपासच्या शटरमागून आलेला तोच घोगरा, तरुण आवाज. मी उठून निघून जाऊ शकलो असतो. मोटरसायकल दारातच होती.

शटर वर गेलं. ते बाहेर आले, उन्हाने डोळे बारीक केलेले, चष्म्याशिवाय. मला पाहून जागच्या जागी थांबले. निळ्या शर्टाच्या बाह्या मनगटापासून चार बोटं वर होत्या.

मी उभा राहिलो. "जयभीम, दादा," मी म्हणालो. "मी तुमच्या भावाच्या शेजारी राहतो. पंप विकतो."

मग त्यांचे खांदे खाली आले. "जयभीम," म्हणाले. "बरा हाय काय तो?"

"बरा आहे."

"जेवते काय येळेवर?"

"एकटा माणूस. जेवतो जसं जमेल तसं."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या शेजारी बाजेवर बसले. शेवंताबाईंनी चहा आणला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि आवाज करत प्यायले. रामटेके सर बशीत चहा कधीच पीत नाहीत.