बासष्ट निर्दोष निबंध

सन १९९९च्या जुलैत आमच्या संस्थेने विद्यार्थ्यांचे लेखन इंटरनेटवर ठेवायचे ठरवले. संस्थेच्या शाळा दोन, एक पेणला आणि एक रोह्याला. पेणच्या शाळेतला संगणक मुख्याध्यापकांच्या खोलीत असे. त्याला शिवणाच्या बाईंनी झालरीचा अभ्रा शिवला होता आणि तो काढण्याचा अधिकार फक्त मुख्याध्यापकांना होता. मी मराठी शिकवतो, म्हणून लेखन समितीचा सचिव झालो. नववीला विषय दिला, 'माझा मित्र'.

पहिली वही आली दिपिकाची. तिची आई धोंडुबाई उन्हाळ्यात मिठागरावर आणि पावसाळ्यात भातलावणीच्या कामाला जाते. दिपिकाची ज्यू मैत्रीण शीरा वर्षापूर्वी घरच्यांबरोबर इस्राएलला गेली. तिथली मुले तिला हसत, मराठी नावाची भाषाच नाही म्हणत. दिपिकाचा निबंध इंटरनेटवर आला की तो वर्गाला दाखवीन, असे शीराने पत्रातून कळवले होते.

दिपिकाने लिहिले होते, 'शीरा शनिवार पाळायची, म्हणून शाळेत येत नसे. शनिवारचा अभ्यास मी तिच्या वहीत उतरवून ठेवायचे. ती गेली, तरी शनिवारी मी दोन वह्या लिहिते.'

मी तो दोनदा वाचला. मग मी लाल पेन काढले.

वही पाहून मुख्याध्यापक म्हणाले, "शनिवारी येत नसे म्हणजे? आपण शनिवारची हजेरी शंभर टक्के कळवलेली आहे."

"पण सर, ती खरंच येत नसे."

"नसेल. पण हे साऱ्या जगाला दिसणार आहे."

शनिवार काढला. शनिवार गेल्यावर दुसऱ्या वहीला कारण उरले नाही, म्हणून तीही काढली. राहिली ती शाळा सोडून गेलेली मुलगी. आमच्या शाळेतून गळती शून्य असल्याचा अहवाल नुकताच गेला होता, त्यामुळे शीरालाही काढावे लागले.

धोंडुबाई कामावरून परस्पर शाळेत आली. "गुरुजी, पोरीनं लिवलंय तसंच धाडा."

"बाई, तिच्या चुका जगाला दाखवायच्या?"

"शीराला चुका नाय दिसायच्या. तिला दिपिका दिसंल."

या मुद्द्याची समितीने नोंद घेतली नाही.

तेवढ्यात रोह्याच्या शाळेने चाळीस निर्दोष निबंध पाठवल्याचे समजले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. बासष्ट मुलांच्या चुका दुरुस्त करत बसण्यापेक्षा एकच आदर्श निबंध फळ्यावर लिहावा आणि सर्वांनी तो आपापल्या अक्षरात उतरवावा, खाली नाव प्रत्येकाचे, असे ठरले. अक्षर मुलाचे म्हणजे लेखनही मुलाचे, यावर समितीत एकमत झाले.

मी फळ्यावर लिहिले, 'माझ्या मित्राचे नाव अमोल आहे. तो पहाटे पाचला उठतो.' वर्गात एक अमोल होता. त्यानेही तेच उतरवले आणि तो स्वतःचाच जिवलग मित्र ठरला. त्याला आठवड्यातून चार दिवस उशिरा आल्याबद्दल बाहेर उभे करतो, ही बाब वेगळी.

दिपिकाने शेवटपर्यंत पेन उचलले नाही. "गुरुजी, माझा अमोल नाय कोणी," ती म्हणाली. तिच्या नावाचा निबंध मी स्वतः लिहिला. एकसष्ट निबंध पाठवणे बरे दिसले नसते.

दिवाळीनंतर शीराचे पत्र आले. 'बासष्टच्या बासष्ट वाचले गो. वर्गाला कोणता दाखवू? तुझा कोणता, ता कळला नाय. शनवारी अजून लिवतेस?'

पत्र दिपिकाला देण्यापूर्वी आम्ही वार्षिक अहवालात नोंद केली: परदेशी वाचकाने शाळेचे सर्व निबंध आवडीने वाचले. पत्र वाचल्यावर दिपिका शनिवारी एकच वही आणू लागली.

आता एक खुलासा. तिच्या निबंधातली वर दिलेली वाक्ये तिची नाहीत. तिची होती तशी आपल्याला रुचली नसती, म्हणून मी ती सुधारून घेतली. मूळ वही रद्दीत गेली. वाचताना आपल्यालाही काही खटकले नाही, याबद्दल समिती आपली आभारी आहे.