नलूआत्याचा कोल्हा

डिसेंबरातला रविवार, पेण ते रोहा. हजर: मी, शेजारची नलूआत्या, गाडीवाले इक्बालभाई आणि कागदाच्या लगद्याचा एक कोल्हा. कोल्ह्याला डोळे नव्हते. रोह्यात येऊन मिळणार होती मनू, नलूआत्याची नात.

डोळे का नव्हते ते आधी सांगते. नलूआत्या पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. बाकीचे कारागीर ओळीने डोळे काढत जातात. आत्या नाही. मूर्ती नेणारा माणूस समोर उभा राहिल्याशिवाय ती कुंचला उचलत नाही. "पहिली नजर मालकावर पडाय पाहिजे," एवढंच तिचं म्हणणं.

एकदा अलिबागच्या एका शेटजींनी मूर्ती न्यायला ड्रायव्हरला पाठवलं. आत्याने त्यालाच समोर उभं केलं. "काढते डोळे. पण मग गणपती तुझ्या घरी येईल. दहा दिवस मोदक पुरवशील ना?" ड्रायव्हर घामाघूम. शेवटी शेटजी स्वतः वडखळच्या गर्दीतून वाट काढत आले, तोवर आत्याचे दोन चहा झाले होते. कारखान्याचा मालक कपाळाला हात लावतो, पण तिला काही बोलत नाही. तिच्या हातचे डोळे दुसऱ्या कुणाला जमत नाहीत.

तिची दुसरी खोड म्हणजे मापं. शाळांच्या गॅदरिंगसाठी ती राक्षसांची, वाघांची तोंडं करून देते, त्यामुळे कमरेला कायम दोऱ्याची गुंडी. समोरच्याच्या डोक्याभोवती दोरा फिरवायचा आणि गाठ मारायची. एसटी स्टँडवर अनोळखी माणसाचंही माप घ्यायला ती कमी करत नाही. माझं घेतलं तेव्हा म्हणाली, "शैला, तुझं डोकं मागनं चपटं हाय गो. आयशीनं लहानपणी कुशीवर नाय झोपवलं तुला." तेव्हापासून मी अंबाडा जरा वर बांधते.

आता मनू. आत्याचा मुलगा आणि सून वेगळे झाले. मुलगा कुवेतला गेला, त्याने तिथेच दुसरा संसार मांडला. सून मनूला घेऊन रोह्याला माहेरी आली आणि धाटावच्या एका कंपनीत नोकरीला लागली. मनू तेव्हा तिसरीत होती. पेणला असताना आजी-नात मिळून टीव्हीवर एक जपानी कार्टून बघायच्या. त्यात कंदील घेऊन फिरणारी म्हातारी असते आणि तिच्याबरोबर एक कोल्हा. निघताना मनू म्हणाली होती, "आजी, मला कोल्ह्याचं तोंड करून ठेव. तू म्हातारी, मी कोल्हा." आत्याने लगेच दोरा फिरवून गाठ मारली. मग मोठ्यांच्या भांडणात फोनही बंद झाले. पेणहून रोहा तासाभराचं, पण आत्याला ते कुवेतपेक्षा लांब पडलं. दोरा मात्र देवघराच्या खिळ्याला टांगलेला असायचा.

रोह्यातल्या एका मंगल कार्यालयात कार्टून आणि कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळा भरणार, पोशाख करून यायचं, असं कळलं. आत्याने दोरा खाली काढून कोल्हा केला आणि धाटावला शिफ्टला जाणाऱ्या माझ्या भाच्याबरोबर सुनेला निरोप धाडला. उत्तर आलं: "बघू."

"बघू म्हणाली म्हणजे येणार," आत्या म्हणाली. "नसतं यायचं तर सरळ नाय म्हणाली असती."

आमच्या आळीच्या सहली मीच काढते; नावं गोळा करताना मी इतके "बघू" ऐकले आहेत की त्यातून किती माणसं येतात ते मला ठाऊक आहे. इक्बालभाईंची गाडी सांगितली, डब्यात घावणे भरले.

कार्यालयाच्या दारात निळ्या केसांच्या दोन मुली आणि पाठीवर पुठ्ठ्याची तलवार लावलेला एक योद्धा. योद्धा मुखवटा कपाळावर सरकवून बटाटावडा खात होता. "वधूपक्ष" लिहिलेल्या खोलीतून शिंगवाले, शेपटीवाले बाहेर पडत होते.

"या अल्ला, इथं तर सगळेच इब्लिस हायत," इक्बालभाई म्हणाले. "यात आपली पोर वळखायची कशी?"

"चालीवरनं," आत्या म्हणाली.

आत्याने आपलं नेहमीचं नऊवारी आणि हातात जुना कंदील, एवढाच पोशाख केला होता. पण पोरं तिच्याभोवती जमली, फोटो काढू लागली. ती फोटोला उभी राहायची, पण नजर दारावर. बसली की मांडीवर कोल्हा, पिशवीत कुंचला आणि काळ्या रंगाची डबी. घावणे तसेच राहिले. "मनू आल्यावर खाऊ."

दुपारी मुखवट्यांची स्पर्धा झाली. परीक्षक मुलगा कोल्हा हातात घेऊन भारावलाच. डोळे नसलेला कोल्हा म्हणजे काय कल्पना आहे, असं म्हणत त्याने पहिला नंबर जाहीर केला आणि आत्याला स्टेजवर बोलावलं.

"कसली कल्पना?" आत्या माईकवर म्हणाली. "अर्धवट काम हाय ते. अर्धवट कामाला नंबर देता व्हय?"

सगळे हसले, टाळ्या पडल्या. मुलगा म्हणाला, "आजी, मग आत्ता इथेच काढा ना डोळे. सगळ्यांना बघायला मिळेल."

आत्याने कुंचला बाहेर काढला. दाराकडे एकदा पाहिलं. मग कुंचला परत पिशवीत ठेवला. "मालकीण आली नाय अजून," ती म्हणाली आणि खाली उतरून आपल्या खुर्चीवर येऊन बसली.

ऊन कलल्यावर, कोल्ह्याचे कान लावलेली एक मुलगी जवळ आली. "आजी, घालून बघू?" आत्या नाही म्हणायच्या आत तिने मुखवटा उचलला. तो कपाळावरच अडकला. तिने थोडा दाबला, हसली, परत दिला. "लहान मुलांचा आहे हा."

"कितवीला तू?" आत्याने विचारलं.

"आठवीला."

आत्याने मुखवटा उलटा करून आतली कड बोटांनी चाचपली. मनूही आठवीलाच आहे.

परत येताना वाटेत गडब गावाला इक्बालभाईंनी चहाला गाडी थांबवली. आत्या उतरली नाही. मी कप खिडकीतून दिला, तर म्हणाली, "माप चुकलं गो शैला."

"ती आली नाही, आत्या. तुझं माप कशाला चुकलं?"

"आली असती तर काय घातलं असतं तिला? मी तिसरीतलंच डोकं घेऊन बसले." मग बराच वेळ दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिली. "एवढ्या जणांची डोकी मोजली मी, स्टँडवरची पण सोडली नाय. आणि हिचं डोकं वाढलं असंल, ह्ये मनातच आलं नाय."

इक्बालभाईंनी आरसा दुसरीकडे वळवला आणि गाडी सुरू केली.

सकाळी तिच्या ओट्यावर बादली होती. कोल्हा फाडून तिने पाण्यात भिजत घातला होता. एक कान तेवढा वर तरंगत होता. तो तिने हाताने खाली दाबला. "लगदा वाया नाय जात," ती म्हणाली. "मोठा करते आता. तेवढं माप मागव."

मी भाच्याजवळ नवा दोरा दिला आहे. मनूच्या डोक्याभोवती फिरवायचा, गाठ मारायची आणि परत पाठवायचा, बाकी काही बोलायचं नाही, असं बजावलं आहे. सुनेने दोरा ठेवून घेतला. "बघू" म्हणाली.

आत्या रोज बादलीतलं पाणी बदलते. माप अजून यायचं आहे.