मर्दाना, जनाना आणि नोमानची डीव्हीडी

"डीव्हीडी? हात्तिच्या! चहा होईपर्यंत काढून देतो!"

नोमानने हे भर मांडवात, सगळ्यांच्या देखत सांगितलं आणि तिथेच बिचारा अडकला. पनवेलला त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. तेवढ्या भांडवलावर तो स्वतःला खानदानातला इंजिनियर समजायचा! लग्न होतं त्याच्या चुलतबहिणीचं, हुदाचं. तिचे अब्बा खलीलचाचा दोह्याला नोकरीला, आणि ऐन वेळी साहेबाने सुट्टी नाकारलेली. चाचांनी फोनवर एवढंच मागितलं, "बेटा, माझी पोर नवरीच्या कपड्यांत मला बघायचीय. बस्स!"

चाचांच्या खोलीवर कॉम्प्युटर नव्हता, फक्त टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर. ओळखीतला राहिल नावाचा मुलगा रोडपालीहून दोह्याला निघणार होता. त्याच्या बॅगेतून डिस्क जायची होती.

नोमानने कॉम्प्युटरमधली लग्नाच्या शूटिंगची फाईल उचलून जशीच्या तशी डिस्कवर टाकली आणि डिस्क हुदाच्या अम्मीच्या, गुलशनचाचीच्या प्लेअरमध्ये सरकवली. पडद्यावर अक्षरं आली, 'नो डिस्क'.

"अरे, आत्ता तर घातलीस!" चाची म्हणाली.

"चाची, प्लेअर जुना झालाय."

"कालच पिक्चर बघितला मी त्याच्यावर!"

नोमान डिस्क काढून दुकानात परतला. प्लेअरला कळेल अशा सेटिंगमध्ये व्हिडिओ काढावा लागतो, हे त्याला तेव्हा समजलं. सॉफ्टवेअरने तर मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी लावली! टीव्हीची पद्धत पॅल की एनटीएससी? चित्राचा आकार चार-तीन की सोळा-नऊ? मोठा आकडा तो चांगला, असं म्हणून गड्याने सोळा-नऊ ठोकलं.

या वेळी डिस्क चालली. पण माणसं सगळी आडवी पसरलेली! नवरदेव कपाटाएवढा! आणि नेमकी त्याच वेळी हुदाची सासू भेटायला आलेली.

"मी एवढी जाडी दिसते?" तिने विचारलं.

"अल्लाकसम नाही हो! सेटिंग बिघडलंय," चाची गयावया करू लागली.

"बाकीच्यांचं बिघडलंय, पण तुम्ही अगदी तुमच्यासारख्याच दिसताय, असं आत्ताच म्हणाला तुमचा नोमान!"

सासूबाई चहाला हात न लावता निघून गेल्या. नोमानने धावतपळत चार-तीन केलं आणि माणसं आपापल्या मापात आली. आता झालंच म्हणून तो सुस्कारा सोडतोय, तोच चाची ओरडली, "थांब! दोह्याला त्यांच्या खोलीत किती मर्द राहतात! ते सगळे बायकांकडचं शूटिंग बघणार? हुदाला फक्त तिच्या अब्बांनी बघायचं!"

बायकांकडचं शूटिंग नोमानच्या बायकोने, सायमाने केलं होतं. तीच म्हणाली, "दोन भाग करा ना. मर्दाना वेगळा, जनाना वेगळा. चाचा एकटे असताना दुसरं बटण दाबतील."

वा! नोमानने दोन बटणांचा झकास मेनू बनवला. सॉफ्टवेअरने शेवटचं विचारलं: पहिला भाग संपल्यावर थांबू, की पुढचा लावू? नोमानचा जीव कळवळला. म्हातारपणी चाचांना बटणं कशाला शोधायला लावायची? त्याने 'पुढचा' केलं, डिस्क राहिलच्या हातात दिली आणि कॉलर ताठ करून घरी आला.

चाचांचा फोन आला. नोमानने ऐटीत स्पीकर लावला. "कशी वाटली, चाचा?"

"फर्स्टक्लास! अख्खी खोली जमवली मी. निकाह बघितला, दावत बघितली. संपलं म्हणून उठलो, तर टीव्हीवर बायका!"

गुलशनचाचीने कपाळावर हात मारला. "या अल्ला! मग बंद नाही केलात?"

"रिमोट कोणाच्या बुडाखाली गेला, कोणाला ठाऊक! मी पलंगावरची चादर ओढली आणि दोन्ही हातांनी धरून टीव्हीपुढे उभा राहिलो. पोरं भली आहेत, माना खाली घालून बसली. रुखसत होऊन पोर सासरी निघेपर्यंत हललो नाही मी."

नोमानने घाईघाईने विचारलं, "पण चाचा, हुदा दिसली ना तुम्हाला?"

"कशी दिसणार? पाठ होती ना माझी! नुसतं रडणं ऐकलं तिचं." चाचांनी लगेच पुढे सांगितलं, "ऐक. जुम्याच्या सुट्टीला ही पोरं दुपारभर बाहेर थांबणार आहेत माझ्यासाठी, उन्हात. तेव्हा बघतो मी माझ्या हुदाला. फक्त एक सांग, पहिला भाग संपल्यावर ती दिसावी म्हणून कुठलं बटण दाबायचं?"

"कुठलंच नाही, चाचा. ती आपोआप येते."

"हां, तर मग तेवढं तुझं सेटिंग बरोबर आहे, बेटा."